अकरा वह्यांचं टाचण

गिरणी बंद पडली त्याच्या पुढच्या वर्षी राजधानीत एक कायदा झाला. जिथले कारखाने बंद पडलेत तिथे केंद्र सरकारने पैसे द्यायचे, त्यातून लोकांना नवं काम शिकवायचं आणि कामाला लावायचं, असा तो कायदा. त्याचं नाव एवढं लांबलचक होतं की आमच्याकडे कुणी ते पुरं घेतलंच नाही. सगळे त्याला कामाचा कायदा म्हणायचे. त्या कायद्याने गिरणीच्या रिकाम्या गोदामात वीस टेबलं आली, विजेच्या वीस जळक्या मोटारी आल्या आणि मोटार भरायला शिकवणारे म्हणून आमचे हे आले.

मोटार भरायची म्हणजे जळालेली तांब्याची तार काढून टाकायची आणि नवी तार गुंडाळून, खाचांत बसवून ती पुन्हा चालती करायची. ह्यांनी हे काम चव्वेचाळीस वर्षं केलं, पण कागदाचा आणि त्यांचा कधी संबंध आला नाही. आम्ही दोघंही शाळेत गेलेलो नाही. मी पन्नाशी उलटल्यावर प्रौढांच्या वर्गात जाऊन अक्षर शिकले. "तूही चल," असं त्यांना किती सांगितलं, तर म्हणाले, "एका घरात एकाला आलं की झालं."

या प्रशिक्षण केंद्राच्या व्यवस्थापकांना शिकायला आलेली पोरं 'फाइलवाले' म्हणायची, कारण ते जेवतानासुद्धा फाइल काखेतून काढत नसत. माणूस भला, पण सदा घाबरलेला. पहिल्याच दिवशी त्यांनी सांगितलं, "मास्तर, नियम आहे. रोजचं पाठटाचण लिहून ठेवायचं. निम्मा वर्ग झाला की तपासणी होते. टाचण ठीक असेल तर निधीचा दुसरा हप्ता येतो, नाहीतर वर्ग तिथेच बंद. मग कुणालाच प्रमाणपत्र नाही."

"ही लिहील की," हे माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले आणि मोकळे झाले.

मी तिथे रोज असायचेच. खाचांत घालायचे कागद कापायचे आणि तारेच्या जाडीचे बारीक आकडे वाचून ह्यांना सांगायचे, हे माझं काम. टाचण म्हणजे काय हे मी कुणाला विचारलं नाही. लाज वाटली. वाटलं, शिकवतात ते टिपून ठेवायचं असेल. प्रौढांच्या वर्गातल्या बाईंनी आम्हाला श्रुतलेखन घालताना एक बजावलं होतं, कानावर पडेल तेच लिहायचं, पदरचं काही घालायचं नाही. मी एक वही आणली आणि स्टुलावर बसून कानावर पडेल ते लिहू लागले.

ह्यांची शिकवायची एक रीत होती. वर्गात कुणाला नावाने हाक मारायची नाही, टेबलाच्या नंबराने मारायची. त्याचं कारण तीन नंबरच्या टेबलावर बसलेलं होतं. ती आमची सून. गिरणीत तिने नऊ वर्षं कातणखात्यात काढली होती आणि गिरणीबरोबर तिचंही काम गेलं. मुलगा लांब पल्ल्याच्या ट्रकवर, महिन्यातून चार दिवस घरी. पंपाच्या कारखान्याने तिला सांगितलं होतं, प्रमाणपत्र आणा, मोटार भरायची एक जागा तुमच्यासाठी ठेवतो. पण वर्ग संपेल त्या महिन्याच्या अखेरीपर्यंतच. घरी हे तिला 'बाळ' म्हणायचे. पाण्याचा तांब्यासुद्धा तिला मागताना संकोचायचे. गोदामाची पायरी चढली की मात्र तिची तीन नंबर व्हायची.

"ए तीन नंबर! तार ओढतेस की म्हशीचं दावं? तारेवरचं वार्निश उडालं!"

"हो मास्तर," ती म्हणायची. तिनेही तिथे त्यांना कधी 'बाबा' म्हटलं नाही.

मी लिहायचे: तीन नंबर, तार ओढतेस की म्हशीचं दावं. वार्निश उडालं.

अडीच महिन्यांत अकरा वह्या भरल्या. तपासणीला दोन दिवस उरले तेव्हा फाइलवाल्यांनी त्या पहिल्यांदा उघडल्या. उभ्याउभ्याच एक पान वाचलं, दुसरं वाचलं आणि मटकन बसले.

"मावशी, हे काय आहे?"

"टाचण."

"अहो, टाचण म्हणजे उद्या काय शिकवणार ते आज लिहायचं! हेतू, साधनं, वेळ, असे रकाने असतात. तुम्ही तर झालेलं सगळं लिहिलंय. आणि हे काय... 'सात नंबर, तुझ्या डोक्यात बेअरिंग आहे का, नुसतं फिरतंय.' 'मास्तर खोकले. मास्तर पुन्हा खोकले. चहा.' राजधानीत जायचंय हे!"

वीस माणसांचं प्रमाणपत्र माझ्या न विचारण्यापायी बुडणार होतं आणि त्यातली एक माझ्याच घरातली. फाइलवाले मला रागावले नाहीत, त्यानेच जास्त वाईट वाटलं. दुसऱ्या कुठल्या तरी केंद्राचं टाचण त्यांनी आणून दिलं. छान छापलेलं होतं. म्हणाले, "मावशी, एवढं उतरवून काढा. तारखा मागच्या घाला. सगळीकडे असंच चालतं."

त्या दिवशी संध्याकाळी मी कोरी वही घेऊन बसले. हे समोर खुर्चीत होते. सून भाजी निवडत होती, पण तिचं लक्ष भाजीत नव्हतं.

"वाच तरी काय लिहितेस ते," हे म्हणाले.

मी वाचलं. "दिवस पहिला. कौशल्याचे महत्त्व. दिवस दुसरा. देशाच्या उभारणीत कामगाराचे स्थान. दिवस तिसरा. कामाच्या जागी शिष्टाचार."

"मोटार कधी येते त्यात?"

मी पानं उलटली. "नवव्या दिवशी. चित्र दाखवायचंय."

"चित्र!" ह्यांनी हात कपाळाला लावला. "आणि आठ दिवस पोरांनी काय करायचं? एकमेकांना नमस्कार?"

सून फिसकन हसली आणि लगेच गप्प झाली. मग हळूच म्हणाली, "बाबा, उतरवू दे आईंना. माझ्या एकटीचं नाही, वीस जणांचं आहे."

हे माझ्याकडे न बघता म्हणाले, "तू लिहिलेलं वाच बघू."

मी एक वही उचलली आणि वाचू लागले. ह्यांनी स्वतःचं बोलणं असं कधी ऐकलं नव्हतं. आधी मजेत ऐकत होते, मग मान खाली गेली.

"मी एवढा बोलतो?"

"याहून जास्त. हात दुखला की मी मधलं सोडते."

"तीन नंबरला फार बोललोय गं मी." सून समोर बसलेली असूनही हे तिच्याबद्दल असं बोलले, जणू ती तीन नंबर दुसरीच कुणी बाई होती. "ते दाव्याचं खोड."

"खोडलं की पान घाण दिसतं."

"राहू द्या बाबा," सून म्हणाली. "त्या दिवसानंतर माझ्या हातून एकदाही वार्निश उडालं नाही."

मग हे घसा खाकरून म्हणाले, "एकतिसावा दिवस आहे का त्यात?"

होता. एकतिसाव्या दिवशी मास्तर चुकले होते. जळकी तार काढताना जोडण्या ज्या बाजूला असतात ती बाजू सोडायची आणि पलीकडच्या बाजूने छिन्नी लावायची, हा ह्यांचा पहिला धडा. जोडण्याच कापल्या तर कुठली तार कुठे जात होती ते पुन्हा कळत नाही. त्या दिवशी सगळ्यांना करून दाखवताना हे एकोणीस नंबरवर ओरडण्याच्या नादात जोडण्यांच्याच बाजूने कापत गेले. तेव्हा तीन नंबर पुढे आली. मास्तरांनी ती मोटार उघडल्या उघडल्या तिने सगळ्या जोडण्या पेनाने तळहातावर काढून ठेवल्या होत्या. हे तिच्या तळहाताकडे बघत राहिले. मग सगळ्यांना म्हणाले, "बघून घ्या. मास्तर चुकला. का चुकला? तोंड चालू होतं आणि डोळे बंद होते."

तेही मी लिहिलं होतं.

"हे पान साहेब लोकांच्या हाती पडलं तर मला शिकवायला ठेवतील का?" ह्यांनी विचारलं.

"नाही ठेवणार, बहुतेक."

ह्यांनी ती छापील कागदांची चळत माझ्या पुढ्यातून उचलली, नीट सारखी केली आणि सुनेच्या हातात दिली. "बाळ, हे उद्या फाइलवाल्यांना परत दे. सांग, मास्तरांना हे शिकवता येत नाही. जे शिकवलंच नाही त्यावर हिचं अक्षर नको."

सुनेने कागद घेतले. तिची नोकरी तिच्याच हातून परत चालली होती, पण तिने ते नीट पिशवीत ठेवले. मला मात्र रात्रीचं जेवण गेलं नाही.

तपासणीला एक बाई आल्या. चष्मा, मोठी पिशवी आणि पायांत धुळीने भरलेले बूट. त्या आठवड्यात त्यांचं हे सहावं केंद्र होतं म्हणे. फाइलवाल्यांनी अकरा वह्या त्यांच्यापुढे ठेवल्या आणि स्वतः खिडकीपाशी जाऊन बाहेर बघत उभे राहिले.

बाईंनी दहा पानं वाचली. एकदा ओठ दाबून हसू आवरलं. मग विचारलं, "हे कुणी लिहिलंय?"

"मी," मी उठून उभी राहिले. "चूक माझी आहे. टाचण आधी लिहायचं असतं हे मला ठाऊक नव्हतं. ह्यांचा किंवा पोरांचा त्यात काही दोष नाही."

"बसा आजी, बसा. आधी मला सांगा, हे सगळं खरंच वर्गात झालंय, की वाचायला गंमत म्हणून लिहिलंय?"

"गंमत मला जमत नाही."

बाईंनी एक वही मधेच उघडली. "मी हे पान बघते. ज्याला कुणाला सांगीन त्याने यातलं काम करून दाखवायचं. वहीत न बघता." त्यांनी नजर फिरवली. "तुम्ही या, तिसरं टेबल."

मी मान लांब करून पान बघितलं. तार काढायचा दिवस होता. एकतिसावा नव्हे, त्याच्या दोन दिवस आधीचा.

सून मोटारीपुढे उभी राहिली. आधी तिने हात पाठीमागे बांधले आणि नुसतं बघितलं. मग तोंडातल्या तोंडात पुटपुटत कामाला लागली. तिला ती सवयच लागली होती. गोदाम एवढं शांत होतं की सगळ्यांना ऐकू येत होतं.

"खाचा मोज, चोवीस. पुन्हा मोज, तुझ्यावर माझा विश्वास नाही. चोवीस. कॉइल पहिल्या खाचेतून सहावीत. लिही. डोक्यात ठेवू नकोस, तिथे जागा नाही. आता जोडण्या. कुठली कुठे जाते, काढ चित्र. चित्र काढलंस? मग छिन्नी घे. ए ए ए, या बाजूने नाही, पलीकडून. इकडून कापलंस तर उद्यापासून भाजी विक."

बाईंचं बोट पानावरून सरकत होतं. एकेका ओळीवर थांबत होतं आणि पुढे जात होतं. सुनेने पलीकडच्या बाजूने छिन्नी लावली, कॉइल कापली, तारांची टोकं मोजली. "बासष्ट," ती म्हणाली. "पुन्हा मोज." पुन्हा मोजली. "बासष्ट."

बाईंनी वही मिटली.

"मास्तर, तुम्ही रोज असं बोलता?"

"हिने जास्त लिहिलंय," हे म्हणाले.

"कमी लिहिलंय!" सात नंबर मागून ओरडला आणि वीसच्या वीस जण हसले. फाइलवालेसुद्धा.

बाई हसल्या, पण लगेच गंभीर झाल्या. "हे बघा, टाचणाच्या रकान्यात मला हे ठीक म्हणून मांडता येणार नाही. ते खोटं होईल. पण कायद्यात आणखी एक कलम आहे. शिकवलेलं काम माणसाच्या हातात उतरलंय का, ते बघायचं. ते कलम सहसा कुणी उघडत नाही. मी त्याखाली लिहिते. मंजुरी माझ्या हातात नाही, वर ठरेल." त्यांनी सगळ्या वह्या चाळून शेवटी एकतिसावा दिवसही वाचला. हे दुसरीकडे बघत होते. बाईंनी त्या पानाबद्दल एक अक्षर काढलं नाही. फक्त जाताना सुनेला म्हणाल्या, "तळहात बघू." तो आता कोराच होता, पण त्यांनी बघितला.

वर ठरायला बावीस दिवस लागले. त्या बावीस दिवसांत वर्ग चालू ठेवायचा की नाही, यावर फाइलवाले आणि हे रोज भांडले आणि रोज वर्ग चालू राहिला. तार संपली तेव्हा हे पोरांना जुनीच तार सरळ करून पुन्हा गुंडाळायला लावत. मग पत्र आलं. दुसरा हप्ता मंजूर. पुढच्या तुकडीपासून टाचण ठरलेल्या नमुन्यात आणि आदल्या दिवशी लिहावं, अशी ताकीद. फाइलवाल्यांनी ते चारदा वाचलं. माझा जीव भांड्यात पडला, आणि ह्यांनी एकोणीस नंबरला विनाकारण झापलं.

वर्ग संपला तेव्हा महिना सरायला पाच दिवस होते. सून प्रमाणपत्र घेऊन पंपाच्या कारखान्यात गेली आणि पहिल्या पाळीला लागली.

पहिल्या दिवशी घरी आली ती पाय धुऊन ह्यांच्या खुर्चीशेजारी येऊन बसली. चेहरा पडलेला. आम्ही दोघं घाबरलो.

"काय झालं बाळ? जमलं नाही?"

"जमलं. तीन मोटारी भरल्या. तिन्ही पास झाल्या."

"मग?"

"तिथला फोरमन काहीच बोलत नाही हो बाबा. येतो, बघतो, मान हलवतो, जातो. दिवसभर कुणी एक वाकडा शब्द बोललं नाही. मला कळेचना, मी बरोबर करतेय की चूक."

हे खुर्चीत ताठ बसले. घरात कधी आवाज न चढवलेला माणूस. मग त्यांनी इकडेतिकडे बघितलं, घसा साफ केला आणि गोदामातला आवाज काढला.

"ए तीन नंबर! तीन मोटारी भरून रडतेस? आठ तासांत? उद्या चार कर, नाहीतर तोंड दाखवू नकोस!"

"हो मास्तर," सून म्हणाली आणि उठून जेवायला वाढू लागली.