तुरुंगातून येणारी तीन मिनिटं

मित्रांनो, केनवडच्या रुख्मिणीबाईच्या घरातला मी जुना मोबाइल. मला आणलं तिच्या नवऱ्यानं, देवमननं. वेल्डिंगच्या कामाला परदेशी निघताना तो म्हणाला, "हा घरात असला म्हणजे मी घरातच हाय, समजलं?" आणि खरंच, रोज संध्याकाळी माझ्यातून त्याचा आवाज यायचा. त्याची चिमुरडी योगिनी शाळेतलं सगळं त्याला सांगायची. काय लाड होते तेव्हा माझे! अंगावर धूळ बसू देत नसत.

एकदा देवमननं व्हिडिओ पाठवला. उन्हानं कोसळून मेलेला एक मजूर, आणि शेजारी तसंच चालू असलेलं काम. "कोणाले दाखवू नको," असं त्यानं बजावलं होतं. पण रुख्मिणीच्या जिवाला घोर लागला. कोणीतरी मदत करील म्हणून तिनं तो गावाच्या ग्रुपवर टाकला. बघता बघता लाखो लोकांनी तो पाहिला. मीही मूर्खासारखा फुशारलो.

आठवड्यात व्हिडिओ गायब झाला. त्या देशात सरकारला असं दाखवलेलं खपत नाही. मग देवमनचा आवाजही बंद झाला. त्याच्यासोबत काम करणारे, शेजारच्या गावचे रामराव परत आले तेव्हा कळलं.

"वयनी, व्हिडिओ पयल्यांदा कोणाच्या नंबरावरून निघाला, हे ॲपच्या कंपनीनंच पोलिसांले लिहून देल्लं. सात वर्षांची सजा झाली त्याले."

कंपनीला तिथं धंदा करायचा होता ना! माझ्यावर विश्वासानं सोपवलेलं गुपित तिनं असं देऊन टाकलं. मला माझीच किळस आली.

आता महिन्यातून एकदा तुरुंगातून फोन येतो. तीन मिनिटं, तीही कोणीतरी ऐकत असताना. अपील चालू आहे, तोंडून निघालेला शब्द देवमनवरच उलटायचा. म्हणून रुख्मिणी फक्त तुरीचं सांगते, योगिनीच्या अभ्यासाचं सांगते.

मागच्या खेपेला तो म्हणाला, "रामरावनंच दगा देल्ला मले. त्याच्या घरचं पाणीबी पिऊ नको."

"हो जी," एवढंच रुख्मिणी म्हणाली. फोन कटला.

मग मला छातीशी धरून ती हमसून हमसून रडली. "म्या टाकला हो तो, म्या टाकला!"

मित्रांनो, माझी काच पुसा, नका पुसू. पण आम्हा मोबाइलवर बोललेलं त्या कोणाकोणाला देतात, हे या कंपन्यांना मोठ्यानं विचारा. रुख्मिणीला तेवढंही मोठ्यानं बोलता येत नाही.