काकांच्या खुर्चीवरची फळी

मित्रांनो, केस कापायच्या दुकानात मोठ्या खुर्चीच्या दोन हातांवर आडवी टाकतात ना, लहान मुलांना बसवायला, ती जुनी फळी मी. आमच्या दुकानात खुर्च्या दोन. एकीमागे काका उभे राहायचे, दुसरीमागे त्यांची लेक. मी काकांच्या खुर्चीची. ती लेकही माझ्यावर बसूनच मोठी झाली.

दुकानाचा शेवटचा नेहमीसारखा दिवस मला आठवतो. दुपारी गिऱ्हाईक नव्हतं. काका लेकीला म्हणाले, "ये, तुझ्या केसांची टोकं कापतो. फळी टाकू का?"

"टाका. मोडली की नवी करायला सांगू."

त्यांनी तिला नुसत्या खुर्चीतच बसवलं. केस झाल्यावर मागे छोटा आरसा धरला. "कसं झालं?"

"वाकडं."

"तुझी मानच वाकडी, त्याला मी काय करू?"

हे त्यांचं तिच्या लहानपणापासूनचं. तिने कधी दुसरं उत्तर दिलं नाही. काका दर वेळी विचारायचे मात्र.

मग साथ आली, दुकान बंद झालं. मला दाराआड उभं केलं होतं, तशीच राहिले. पुन्हा दार उघडलं तेव्हा लेक एकटी आत आली. काका त्या आजारात गेले होते. दवाखान्यात तिला त्यांच्याजवळ जाऊ दिलं नव्हतं.

परवानग्या टप्प्याटप्प्याने आल्या. आधी फक्त मोठ्यांचे केस, तेही एका वेळी एकाचेच. मग दाढी. मग दुसरी खुर्ची चालवायलाही हरकत राहिली नाही, पण तिच्यामागे उभं कोण राहणार? लहान मुलांची पाळी सगळ्यांत शेवटी. तोवर मी दाराआडून एकाच कात्रीचा आवाज ऐकत होते. पूर्वी दोन वाजायच्या.

अखेर एक आई आपल्या छोट्या मुलीला घेऊन आली. लेकीने मला ओल्या फडक्याने पुसलं, जरा घुटमळली आणि काकांच्याच खुर्चीवर टाकलं.

"कान कापला तर?" मुलीने विचारलं.

"चिकटवून देईन. तू मान सरळ ठेव."

केस झाले. लेकीने मागे आरसा धरला. "कसं झालं?"

"छान," मुलगी म्हणाली आणि उडी मारून आईकडे पळाली.

मित्रांनो, मी साधी लाकडाची फळी. मला पुसून कोरडं ठेवलंत तर खूप झालं. पण तुमच्या पाठीशी कोणी आरसा धरून उभं असेल, तर त्याला एका 'छान'साठी ताटकळत ठेवू नका.

मायलेकी गेल्या. काकांची लेक आरसा हातात घेऊन तशीच माझ्यामागे उभी होती, काका उभे राहत तिथे.

"सरळ व्हायचं, बाबा," ती म्हणाली. "दर वेळी सरळच व्हायचं."