दादाचे यार्ड

घड्याळजींनी काउंटरवरची तिन्ही घड्याळं एकेक करून उलटी पाहिली आणि तोंड वाकडं केलं. पाठ उघडून आत डोकवावं असं एकातही काही नव्हतं. उभा जन्म त्यांनी लोकांच्या घड्याळांच्या पोटात चिमटा घातला होता. डोळ्याला भिंग लावून केसाएवढ्या स्प्रिंगा सरळ केल्या होत्या, आणि घड्याळ पुन्हा टिकटिकायला लागलं की गिऱ्हाइकाआधी स्वतःच खूश झाले होते. आता दुकान भाच्याच्या हवाली करून ते घरी बसले होते, पण समोर घड्याळ आलं की बोटं शिवशिवायचीच. जित्याची खोड.

"ह्याच्या पोटात असतं काय?" त्यांनी काउंटरमागच्या मुलीला विचारलं.

"जीपीएस आहे, काका. उपग्रहावरून कळतं त्याला, तुम्ही गोल्फच्या मैदानात कुठे उभे आहात ते."

"मी कुठे उभा आहे ते मला माहीत असतं. झेंडा किती लांब आहे ते सांगतं का?"

"तेच तर सांगतं."

लेक सोबत आली होती, ती बाबांनी दुकानात वाद घालू नये म्हणून. तिने हळूच त्यांचा कोपर दाबला.

पहिलं घड्याळ सगळ्यांत महाग. ते झोप मोजायचं, नाडी मोजायचं, पावलं मोजायचं आणि रोज रात्री त्याला चार्जिंगला लावावं लागायचं. "माझी झोप मला कळते, येत नाही ती," असं म्हणून घड्याळजींनी ते बाजूला सरकवलं. दुसऱ्यात मैदानाचा रंगीत नकाशा होता, पण तो बोटाने सरकवायचा, आणि खिडकीपाशी उन्हात नेल्यावर त्यात घड्याळजींना स्वतःचंच नाक दिसलं. शिवाय नवे नकाशे हवे असले तर दरवर्षी वेगळे पैसे. तिसरं सगळ्यांत स्वस्त, काळं, जाडजूड, दिसायला अगदीच गबाळं. त्याला बाजूला बटणं होती आणि पडद्यावर फक्त तीन आकडे: झेंड्याभोवतीच्या हिरवळीची अलीकडची कड, मध्य आणि पलीकडची कड. मधला आकडा मात्र एवढा मोठा, की समोरच्या फुटपाथवरून वाचता आला असता.

"हे म्हाताऱ्यांचं दिसतंय, बाबा," लेक म्हणाली. "तुमची नजर अजून सुईत दोरा ओवते. एवढे मोठे आकडे कशाला?"

"असू देत. मोठे असले म्हणून बिघडलं काय?"

अंथरूण पाहून पाय पसरावेत हे एक झालंच. पण मोठे आकडेच का आवडले, हे तेव्हा त्यांना विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. खरं म्हणजे त्यांना घड्याळ नकोच होतं. त्यांना दादा हवा होता, आणि दादा काही दुकानात मिळत नाही.

गोल्फ म्हटलं की लोकांना मोठ्या गाड्या आणि पांढऱ्या पँटी दिसतात. घड्याळजींच्या घरात गोल्फ मागच्या दाराने आला होता. त्यांचे वडील, म्हणजे अप्पा, मैदानावर गवत राखायच्या कामावर होते. संध्याकाळी मेंबर लोक निघून गेले की अंधार पडेपर्यंत मैदान ह्या दोघा भावांचं. कुणीतरी टाकून दिलेली एकच काठी होती, तिच्या मुठीला अप्पांनी सायकलची ट्यूब गुंडाळून दिली होती. दोघांत मिळून एक काठी म्हटल्यावर भांडणं व्हायला हवीत, पण दादाला मारण्यापेक्षा बघण्यातच गोडी. अप्पांच्या गवत कापायच्या यंत्रामागे चालून चालून त्याच्या पायांना ते मैदान पाठ झालं होतं. धाकटा काठी घेऊन उभा राहिला की दादा झेंड्याकडे बघायचा, ओठ मुडपायचा आणि यार्डांतला आकडा सांगायचा. एकशे वीस. एकशे पन्नास. चेंडू तिथेच जाऊन पडायचा.

पुढे दादा बसवर ड्रायव्हर झाला, धाकट्याने घड्याळांचं दुकान टाकलं, दोघांची लग्नं झाली, अप्पा गेले. सकाळी फाटक उघडून आत घेणारा माळी अप्पांच्या हाताखाली शिकलेला, त्यामुळे रविवार काही चुकला नाही. दोघांकडे आता आपापल्या काठ्यांच्या पिशव्या होत्या, तरी आकडा दादाच सांगायचा. मैदानावरच्या अंतराच्या पाट्या केव्हाच गंजून गेल्या होत्या. दादा शेजारी असताना पाटी वाचायची गरजच काय? घड्याळजींच्या साठीला मित्र जमले, तेव्हा ते छाती फुगवून म्हणाले होते, "तिशीत माझी सात नंबरची काठी एकशे तीस यार्ड जायची, आजही तेवढीच जाते." सगळ्यांत जोरात टाळ्या दादाने वाजवल्या होत्या.

मग गेल्या हिवाळ्यात दादाच्या डोळ्यांनी दगा दिला. कडेचं दिसायचं, मधलं पुसल्यासारखं झालं. "तुझ्याकडे बघितलं की तुझे कान दिसतात, तोंड जातं," तो हसत म्हणाला होता, "तसं काही फार नुकसान नाही." पण त्याच आठवड्यात त्याने काठ्यांची पिशवी पलंगाखाली ढकलली. झेंडाच दिसत नाही तर मी तिथे काय गवत चरायला येऊ, असं म्हणाला आणि विषय मिटवला. घड्याळजी मूग गिळून बसले. आग्रह केला तर त्याच्या जखमेवर मीठ चोळल्यासारखं होईल असं त्यांना वाटलं. तेव्हापासून ते एकटेच मैदानावर जायचे, अंदाजाने मारायचे आणि अर्धी सकाळ चेंडू शोधण्यात घालवायचे.

तर ते गबाळं घड्याळ मनगटावर बांधून पुढच्या रविवारी ते मैदानावर गेले. तळ्याच्या अलीकडे उभे राहिले. मधला आकडा होता एकशे अठ्ठावीस. त्यांनी निर्धास्तपणे सात नंबर काढली, मनासारखी मारली, आणि चेंडू डुबकन तळ्यात गेला. पुढच्या झेंड्याला चेंडू अलीकडच्या वाळूच्या खड्ड्यात रुतला. त्याच्या पुढच्यालाही तेच. त्यांनी बटणं दाबून पाहिली, घड्याळ कानाला लावलं, सवयीने एकदा हलवूनही पाहिलं. स्वस्तातला माल असाच असायचा, असं म्हणून त्यांनी उपग्रहालाही दोन शिव्या हासडल्या. सोमवारी हे परत करायचं, हे नक्की झालं.

नवव्या झेंड्याच्या अलीकडे मात्र त्यांना अप्पांचा दगड आठवला. अप्पांनी साखळीने मोजून तो जमिनीत पुरला होता, हिरवळीच्या बरोब्बर मध्यापासून शंभर यार्डांवर, आणि दर वर्षी त्याला चुना लावायचे. आता तो गवतात बुडाला होता. घड्याळजींनी बुटाने गवत सारलं, दगडावर उभे राहिले आणि मनगट वर केलं.

शंभर.

दगडावरून मारलेला चेंडू हल्ली कमी पडतो हे त्यांना ठाऊक होतं, पण त्याचं खापर त्यांनी नेहमी वाऱ्यावर फोडलं होतं. इथे दादा कधी आकडा सांगायचा नाही, दगडच होता ना. आता अप्पांचा दगड आणि हे घड्याळ एकच सांगत होते. तळ्यापाशी मात्र दादा नेहमी एकशे चाळीस सांगत आला होता. मग खोटं कोण बोलत होतं?

तसेच चिखलाच्या बुटांनी ते दादाच्या घरी गेले. वहिनींनी दार उघडलं, बुटांकडे पाहिलं आणि पायपुसणं पुढे सरकवलं. दादा बाल्कनीत रेडिओ ऐकत बसला होता. त्याने मान तिरकी केली.

"कान ओळखीचे वाटतायत," तो म्हणाला.

"दादा, तुझे यार्ड चुकीचे होते."

दादाने रेडिओ बंद केला. "कोण म्हणतं?"

"हे घड्याळ म्हणतंय. आणि अप्पांचा दगड."

"किती चुकीचे?"

"दहा-बारा. कमी कधीच नाही, नेहमी जास्त."

"मग बरोबर आहेत," दादा म्हणाला.

घड्याळजी समोरच्या स्टुलावर बसले. आपला मोठा भाऊ आपल्याला फसवत होता, ह्या विचाराने त्यांना राग यायला हवा होता. तो येईना.

"कधीपासून चाललंय हे?"

"तुझे केस पिकायला लागले तेव्हापासून. आधी थोडे वाढवायचो. मग तुझा चेंडू आणखी अलीकडे पडायला लागला, तसे आणखी थोडे. तुझी सात नंबर एकशे तीस जायची ना, ती हल्ली एकशे अठराच्या पुढे जात नाही. म्हणून एकशे अठ्ठावीस असले की मी एकशे चाळीस सांगायचो. मग तू आपणहून सहा नंबर काढायचास. नंबर लहान, पण काठी मोठी."

"मला सरळ सांगायचं होतंस."

"काय सांगायचं? तू म्हातारा झालास, मोठी काठी घे? घेतली असतीस?"

घड्याळजींनी खरंच विचार करून पाहिला. "नसती घेतली."

"झालं तर मग. नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात. तुझ्यावर तसं म्हणायची पाळी येऊ नये, म्हणून मी अंगणच वाकडं करून ठेवलं होतं."

वहिनी चहा घेऊन आल्या होत्या, त्या दारातच थांबल्या. घड्याळजींना साठीतल्या त्या टाळ्या आठवल्या आणि कान गरम झाले. पण लाजेपेक्षाही मोठी एक गोष्ट होती. इतकी वर्षं आपण म्हातारे झालो नव्हतो, ते दादामुळे.

"आता तुझ्याकडे घड्याळ आहे," दादा म्हणाला. आवाज हलका ठेवायचा प्रयत्न त्याला नीट जमला नाही. "ते खरं सांगेल. माझी ड्यूटी संपली."

"खरं ऐकून आज अर्धे चेंडू तळ्यात घालून आलोय मी."

घड्याळजींनी पट्टा सोडला, दादाचा हात ओढला आणि घड्याळ त्याच्या मनगटावर बांधलं. गिऱ्हाइकांना बांधून द्यायचे तसं, आधी सैल, मग एक भोक घट्ट. दादाने मनगट डोळ्यांजवळ नेलं, मान एका बाजूला कलती केली, जराशी आणखी कलती केली.

"आकडे मोठे आहेत रे," तो म्हणाला.

"दिसतायत?"

"कडेने बघितलं की दिसतायत."

"मग रविवारी सकाळी तयार राहा."

वहिनींनी चहा खाली ठेवला आणि आत गेल्या. थोड्या वेळाने पलंगाखालून काहीतरी ओढल्याचा खडखडाट ऐकू आला.

रविवारी माळ्याने जुनी बॅटरीची गाडी काढून दिली. दादा तिच्यात टोपी घालून साहेबासारखा बसला. ऊन कोवळं होतं, कापलेल्या गवताचा वास अप्पांच्या कपड्यांना यायचा तसाच होता.

तळ्याच्या अलीकडे घड्याळजी मागच्याच रविवारच्या जागी उभे राहिले. चेंडूपाशी त्यांच्या मागच्या फटक्याने उडालेलं ढेकूळ अजून तसंच पडलं होतं. इथून अंतर किती, हे त्यांना आता पक्कं माहीत होतं. तरी ते गाडीकडे वळले.

"दादा, किती?"

दादाने कोंबडीसारखी मान तिरकी करून मनगट पाहिलं. मग नुसत्या धुक्यासारख्या दिसणाऱ्या झेंड्याच्या दिशेला तोंड केलं आणि ओठ मुडपले.

"एकशे चाळीस," तो म्हणाला.

घड्याळजींनी निमूटपणे सहा नंबर काढली. चेंडू उंच गेला, तळं ओलांडून पलीकडे उतरला.

"ओलांडलं का?" दादाने विचारलं. त्याला अर्थात काहीच दिसलं नव्हतं.

"ओलांडलं."

"झेंड्यापासून किती?"

घड्याळजींनी डोळ्यांवर हात धरून पाहिलं. चेंडू घरंगळत हिरवळीच्या पार डाव्या कडेला जाऊन थांबला होता. तिथून झेंड्यापर्यंत दादाची एक अख्खी बस आडवी उभी राहिली असती.

"हातभर," ते म्हणाले.

"वाटलंच मला," दादा म्हणाला, आणि शर्टाच्या बाहीने घड्याळाची काच पुसत बसला.