वजन उतरलं तो थांबा

शैलजा बोरकुटेचं एकवीस किलो वजन चार वर्षांपूर्वी कोरेवाडी फाट्यावर एसटीतून उतरलं. दांडीला धरून, सावकाश. पण असं काही घडलंच नाही, असं धरून पुढे चालू. शैलजाही तसंच धरून चालते. ऑफिसात कुणी "टिकवलंस कसं गं?" विचारलं तर सांगते, "मी पहिल्यापासून अशीच."

नोकरीची गाडी मात्र तीच, आणि ती फाट्यावर रोज दहा मिनिटं चहाला थांबते. वजन तिथंच असतं. अंगात शैलजाचा मोरपंखी ड्रेस, जो बोहारणीला देऊन तिनं पातेलं घेतलं होतं. वजन हात करतं. शैलजा डब्यातले उकडलेले मूग एकेक करून चावत बसते.

तक्रार करावी असं ते काही करत नसे. पहिल्या वर्षी बाकड्यावर होतं, मग खिडकीखाली आलं, आताशा पायरीवर एक पाय.

"तुझ्याकडेच बघतंय," खिडकीशी बसणाऱ्या उज्ज्वला मॅडम म्हणाल्या. "ओळखीचं आहे का?"

"छे. असेल कुणाचं तरी."

"असू दे ताई," वजन खालून म्हणालं. "चारचौघांत कशाला."

शैलजाच्या कानाच्या पाळ्या तापल्या.

सोमवारी ते वर चढलं.

"कंडक्टर, यांना उतरवा. जागा नाही," शैलजा म्हणाली.

कंडक्टरनं शैलजा आणि मॅडमच्या मधे बोट दाखवलं. तिथं घडी घातलेला रुमाल होता. चार वर्षं होता. लग्नसराईतल्या गर्दीतसुद्धा त्यावर कुणी बसलं नव्हतं. दुसऱ्याच्या रुमालावर कोण बसतं?

"रुमाल टाकून गेलेत ते. चहाला उतरलेल्या माणसाला परत तिकीट नसतं, बाई."

वजन मधे बसलं. "जरा सरकता का?"

शैलजा सरकली. सीट तेवढीच आखडली. उज्ज्वला मॅडमनी आधी एकीकडे पाहिलं, मग दुसरीकडे.

"बहीण का गं?"

"नाही," शैलजा म्हणाली. ओठ मात्र वजनाचे हलले.

मॅडम बाहेरचा ऊस बघू लागल्या. ते फार वाईट होतं.

शैलजानं पर्समधून कागद काढला. टेकवायला काही नव्हतं, म्हणून वजनानं मांडी पुढे केली. मऊ होती, ओळखीची होती. तिच्यावर कागद ठेवून तिनं लिहिलं:

प्रति, मा. आगारप्रमुख. अर्जदार या मार्गावरून रोज प्रवास करते. तरी सदर फाटा रस्त्यातून काढून टाकण्यात यावा. ते शक्य नसल्यास, अर्जदार हयात असेपर्यंत गाडी कुठेही न थांबवता सरळ पुढे नेण्यात यावी, ही नम्र विनंती.