काळ्या बोक्याचा नंबर

मित्रांनो, मी एक जुना प्रोग्राम आहे. मला ना हात ना पाय. एक पांढरी चौकट आणि तिच्याखाली एक बटण, संपलं माझं रूप. गेम खेळायच्या एका दुकानात, गल्ल्याशेजारच्या संगणकात मी राहतो. चौकटीत खेळाडूचं नाव टाका, बटण दाबा, की मी त्याच्या खात्याचा लांबलचक नंबर काढून देतो. मला एवढं एकच काम येतं.

तुम्ही म्हणाल, नाव असताना नंबर कशाला? अहो, गेममधली नावं म्हणजे अंगातले सदरे. आज घातला, उद्या उतरवला, परवा दुसऱ्याच कुणी उचलला. नंबर मात्र खातं उघडताना मिळतो तो कायमचा. कंपनी ओळखते ती नंबराला, आणि पोरांना तो कधी पाठ नसतो.

मला घडवलं दुकानदार काकांच्या पुतणीनं. पहिल्या दिवसांत माझा थाट काय सांगू! कुणाचं खातं अडकायचं, कुणाचं चोरीला जायचं, आणि जो तो माझ्याकडे धावायचा. मग गेममध्येच कोपऱ्यात नंबर दिसू लागला आणि माझी किंमत शून्य झाली. गरज सरो, वैद्य मरो. पुतणी परगावी गेली आणि काका माझ्या संगणकावर चहाचा कप ठेवू लागले.

अशात एक दिवस एक मुलगी आली. तिचा दादा या दुकानातच खेळायला शिकला होता. पुढे तो आजारी पडला, अंथरुणावरून खेळत राहिला आणि गेला. त्याला जाऊन वर्ष होत आलं होतं.

"काका, वर्षभर कुणी उघडलं नाही तर कंपनी खातं पुसून टाकते," ती म्हणाली. "त्यात दादाचा आवाज आहे. खेळताना बोललेलं सगळं साठवलेलं आहे. घरच्यांनी अर्ज केला तर ठेवतात, पण नंबर मागतात. मला पासवर्डही माहीत नाही. फक्त नाव माहीत आहे."

"काय नाव?"

"काळा बोका."

काकांनी कप उचलला, धूळ पुसली आणि नाव टाकलं. मी नंबर दिला. तिने तिथूनच अर्ज पाठवला. कंपनीकडूनही माझाच एखादा भाऊबंद बोलला असावा, कारण उत्तर झटकन आलं: खातं सुरक्षित आहे, आवाजाच्या फायली पाठवू. मुलगी रडली आणि हसलीही. मलाही बरं वाटलं, खोटं कशाला सांगू.

फायली यायला बरेच दिवस लागले. त्या ऐकायला ती आईला घेऊन आली. आई दाराशीच थबकली होती. "या खेळानंच खाल्लं त्याला," ती म्हणायची, म्हणे. तरी आज ती खुर्चीच्या कडेला बसली आणि पदर मुठीत धरून ऐकू लागली. आवाज आला. कुणीतरी ओरडत होतं, हसत होतं.

आई लगेच म्हणाली, "हा माझा नाही."

"आई, नीट ऐक ना."

"अगं, मला माझं लेकरू कळत नाही का? हा माझा नाही."

काकांनी गेम उघडला. काळा बोका तेव्हा खेळतच होता. काकांनी त्याला माइकवर बोलावलं आणि विचारलं, "बाबा, तू कोण?"

"मी मुंगळा. म्हणजे, आता बोका." पोराचा आवाज बारीक झाला. "आमच्या टीमची रीतच आहे, काका. जो कप्तान, तो काळा बोका. दादानं दवाखान्यातून मला नाव दिलं. त्यानं सोडलं आणि मी लगेच घेतलं. म्हणाला, आता तू सांभाळ. का हो, काय झालं?"

बहिणीनंच त्याला सगळं सांगितलं. मुंगळ्यानं धडपडत जुन्या सामन्यांच्या नोंदीतून दादाचा खरा नंबर शोधून दिला. आता मला नाव नव्हे, नंबरच दिला होता, आणि खातं आहे की नाही एवढं मला त्यावरूनही सांगता येतं. मुलीनं बटण दाबलं. वर्ष उलटून गेलं होतं. मी खरं तेच लिहिलं: असं खातं नाही.

मित्रांनो, मी दिलेला पहिला नंबरही बरोबरच होता. माझ्या जन्मात मला एवढं वाईट कधी वाटलं नव्हतं.

मुलगी काकांच्या गल्ल्यावर डोकं टेकून हुंदके देऊ लागली. आई मात्र माइककडे वाकली. "बाळा, तो तुझ्याशी काय बोलायचा रे?"

मुंगळा म्हणाला, "खेळाचंच बोलायचा, मावशी. आणि... मधेच म्हणायचा, थांब रे, आई हाक मारतेय. रोज म्हणायचा."

आईनं डोळ्यांना पदर लावला. "आणि मी खेळ बंद कर म्हणून हाक मारायचे," ती म्हणाली.

मित्रांनो, मला फक्त नंबर काढता येतो. ते नाव आज कुणाकडे आहे आणि आधीच्यानं ते त्याला का दिलं, हे मला दिसत नाही. ते त्याच्या सोबत्यांना विचारावं लागतं. तुमच्या घरात कुणी दार लोटून खेळत असेल, तर आज त्याच्याजवळ जाऊन बसा. कुणाशी खेळतोस, तुला काय म्हणतात, एवढं तरी विचारा.