गाडी कोण चालवत होतं

माझ्या धाकट्या बहिणीच्या नवऱ्याला सगळे उस्ताद म्हणतात. हे नाव पहिल्यांदा कोणी ठेवलं ते शोधत गेलं, तर तो स्वतःच सापडेल. तोंडावर मी त्याला अहो-जाहो करते. इथे करणार नाही.

उस्ताद एका लाँड्रीची व्हॅन चालवतो. म्हणजे व्हॅन त्याच्या नावावर आहे आणि लाँड्रीशी करारही त्याच्याच नावाने आहे. हॉस्पिटलच्या चादरी, अभ्रे, ऑपरेशनचे हिरवे डगले धुऊन, इस्त्री करून गठ्ठ्यांत बांधलेले असतात. वॉर्डात चादरी बदलायला घेण्याआधी ते पोचवायचे आणि मळके गठ्ठे परत आणायचे. काम कष्टाचं आहे, मी नाही म्हणत नाही. पण उस्ताद त्याबद्दल बोलायला लागला की वाटावं, हा माणूस रोज वादळात विमान उतरवतो. "ड्रायव्हिंग शिकून येत नाही, ताई," तो म्हणतो. "ते हातात असावं लागतं. बायकांचं काम नाही ते. बायका स्टिअरिंगला लोंबकळतात." हे तो माझ्या घरी, माझ्या सोफ्यावर बसून, माझा चहा पीत म्हणतो. मी वाहतुकीच्या खटल्यांची वकील आहे. असल्या उस्तादांची लायसन्सं वाचवण्यात माझं आयुष्य चाललंय.

एके दिवशी दुपारी धाकटी माझ्या ऑफिसात आली. ऑफिस म्हणजे कोर्टासमोरच्या इमारतीत, जिन्याखालची खोली. शेजारी झेरॉक्सवाला आहे, त्याच्या मशीनची उष्णता भिंतीतून माझ्या पाठीला लागते. धाकटीने पिशवीतून एक पाकीट काढलं आणि टेबलावर ठेवलं. वेगमर्यादा ओलांडल्याच्या तीन पावत्या, तिन्ही एकाच जागेच्या, पूल उतरल्यावरच्या वळणाच्या. आणि त्यांच्यासोबत नोटीस, की आपलं लायसन्स सहा महिने निलंबित का करू नये, याचा खुलासा सुनावणीला येऊन करावा.

"हे म्हणतात, दंड भरून टाकतो, विषय संपला," धाकटी म्हणाली. "मी म्हटलं, थांबा, ताईला विचारते."

"विषय संपला म्हणे! अगं, दंड भरला म्हणजे गुन्हा कबूल केला. तीन दंड, तीन कबुल्या. मग सुनावणीत जाऊन काय सांगणार, चुकून कबूल केलं?"

लोकांना हे कधी कळत नाही. दंड म्हणजे त्यांना पार्किंगची पावती वाटते, पैसे फेकले की सुटलो. तसे सुटतात ते ज्यांचं लायसन्स स्वच्छ आहे. उस्तादच्या लायसन्सवर आधीचेच दोन डाग होते, एक सिग्नल तोडल्याचा आणि एक चालवताना फोनवर बाता मारल्याचा. या तीन पावत्या त्यांवर बसल्या म्हणूनच नोटीस आली होती.

मी धाकटीला नीट समजावलं. कॅमेराच चुकीचा आहे असं म्हणता येतं, त्याच्या तपासणीचा दाखला मागता येतो. पण तो कॅमेरा मला माहीत होता, त्याच्यावर मी आधी दोनदा डोकं आपटून घेतलं होतं. किंवा चूक मान्य करून हात जोडता येतात, रस्तासुरक्षेच्या वर्गात बसायची तयारी दाखवता येते, मग अधिकारी सहा महिन्यांचे दोन करतो. पण दोन महिने काय नि दोन आठवडे काय, लाँड्री थांबणार नव्हती. हॉस्पिटलच्या चादरी रोज मळतात. करार दुसऱ्याला गेला असता आणि धाकटीच्या घरात दुसरी मिळकत नव्हती.

"आणि एक असतं," मी म्हटलं. "गाडी दुसरंच कोणी चालवत असेल, तर तसं लेखी द्यायचं. पावत्या त्या माणसाच्या नावावर जातात. त्याचं लायसन्स स्वच्छ असलं, तर दंड आणि वर एक ताकीद, एवढ्यावर भागतं. या कॅमेऱ्याचा फोटो मागून असतो, चालवणारा दिसत नाही. पण तुमच्याकडे कोण चालवणार? उस्ताद तर चावी उशाखाली घेऊन झोपतात."

धाकटी टेबलाच्या कडेचा सुटलेला सनमायका नखाने दाबत बसली. मग म्हणाली, "मीच चालवते."

"काय?"

"वर्ष झालं, ताई. गठ्ठा उचलताना त्यांची कंबर धरली, तेव्हापासून. ते मागे चादरींच्या गठ्ठ्यांवर आडवे होतात. हॉस्पिटलचं गेट आलं की उठतात, मग आम्ही जागा बदलतो."

म्हणजे वर्षभर हे महाशय परीटघडीच्या चादरींवर घोरत होते आणि गेटवर पोचल्यावर खिडकीतून कोपर बाहेर काढून वॉचमनला सलाम ठोकत होते! आणि एवढ्या वेगाने का, तर उस्ताद सकाळी उठायलाच तयार नसतात. त्यांचं आवरून होईपर्यंत जो वेळ जातो तो धाकटी रस्त्यावर भरून काढते.

"पण त्या वळणावर? तिथे लोक कठड्यावर चढतात."

"वळणाच्या आधीच गिअर उतरवायचा," धाकटी म्हणाली, आणि त्या दुपारी पहिल्यांदाच तिने मान वर केली. "मग ब्रेकला पाय लावायचं काम नाही. गाडी आपली आपण वळते. छान वळते गं."

मला संताप आला. त्याचा आला त्याहून जास्त तिचा आला. लग्नाआधी लायसन्स काढलेली मुलगी, वर्षभर घर ओढते, आणि नवऱ्याचा मान राहावा म्हणून गेटवर उतरून शेजारच्या सीटवर जाऊन बसते. तिला म्हटलं, करारात चालक म्हणून तुझंही नाव घाल, प्रश्नच मिटला. तर म्हणे त्याला यांची सही लागते, आणि ते मेले तरी करणार नाहीत.

मग उस्तादला घरी बोलावलं. आधी तो उडवून लावायला बघत होता, मग चिडला, मग कमरेवर हात ठेवून कण्हला.

"लोक काय म्हणतील, ताई? उस्तादची गाडी बायको चालवते?"

"लोकांच्या म्हणण्यावर अपील नसतं, उस्ताद. लायसन्सचं बघा."

"बदनामी होईल माझी."

"करार गेला की होणार नाही का?"

तेव्हा कुठे स्वारी ताळ्यावर आली. ठरलं ते असं, की सुनावणीत धाकटी उभी राहून खरं काय ते सांगेल. तिचं लेखी निवेदन माझ्याकडे तयार असेल. उस्तादने फक्त गप्प बसायचं. जन्मात त्याला याहून हलकं काम कोणी दिलं नसेल.

सुनावणीची खोली म्हणजे रंग उडालेल्या खुर्च्यांच्या चार रांगा, एक टेबल आणि टेबलावर सगळ्यांना दिसेल असा मोठा स्क्रीन. आमच्या आधी पार्सल पोचवणारा एक जण होता. सिग्नल लाल झालेला दिसला नाही, कारण पुढे ट्रक होता, असं तो सांगत होता. फोटोत ट्रक नव्हता. अधिकाऱ्याने त्याला नुसतं स्क्रीनकडे बोट करून दाखवलं, तेवढ्यानेच तो गार झाला. अधिकारी वयस्क होता. पूर्वी लायसन्सच्या चाचण्या घ्यायचा, त्यामुळे गाडीतलं त्याला कळत होतं. आमचा नंबर आला आणि त्याने तिन्ही फोटो एकापाठोपाठ एक लावले. मग चष्मा कपाळावर ढकलून पुढे वाकला.

"हे पूल उतरल्यावरचं वळण ना? या वेगाने?" तो म्हणाला. "आणि गाडी तिन्ही वेळा आपल्या पट्ट्यात. चाक रेषेला शिवलेलंसुद्धा नाही. ब्रेकचा दिवा लागलेला नाही." तो खुर्चीत मागे टेकला. "गुन्हा तो गुन्हाच. पण हात काय आहे! कोण चालवत होतं?"

मी निवेदनाचा कागद हातात घेतला. शेजारी धाकटी खुर्चीतून अर्धी उठली होती. तिचे कान लाल झाले होते. तिच्या गाडी चालवण्याचं कौतुक तिने जन्मात पहिल्यांदा ऐकलं होतं, तेही चार रांगा माणसांसमोर.

"मीच, साहेब," उस्ताद म्हणाला.

कंबर धरलेला माणूस ताठ उभा राहिला होता. मी त्याच्याकडे डोळे वटारून बघितलं, पण त्याचं माझ्याकडे लक्ष कुठे होतं! मागच्या रांगेतल्या पार्सलवाल्याने मान हलवून दाद दिली होती आणि उस्ताद तिथे बघत होता.

"तिन्ही वेळा तुम्हीच?"

"तिन्ही वेळा. माझ्या गाडीला दुसरं कोणी हात लावत नाही, साहेब. त्या वळणाचं एक तंत्र आहे. वळणात शिरलं की ब्रेक घट्ट दाबून धरायचा, सोडायचा म्हणून नाही."

"वळणात? ब्रेक?" अधिकाऱ्याने पुन्हा स्क्रीनकडे बघितलं.

"घट्ट," उस्ताद म्हणाला.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. मी तोंड उघडलं, "साहेब, माझ्या अशिलाला असं म्हणायचंय..." तेवढ्यात धाकटीने माझ्या पायावर पाय दिला. हलका नाही, टाच रोवून दिला.

अधिकारी तिच्याकडे वळला. "तुम्ही काही सांगायला आलात ना? तुमचं नाव साक्षीदार म्हणून लावलंय."

धाकटी उभी राहिली आणि नवऱ्याकडे बघत राहिली. तो घाबरला असता, डोळ्यांनी विनवणी केली असती, तरी मला त्याची थोडी कीव आली असती. पण तो खुशीत होता. ही इथे कशाला आली, हेच तो विसरून गेला होता. तिने वर्षभर त्याचा आळस झाकला होता. त्याने तिची मेहनत घेतली होती, आणि आता तिचा गुन्हाही चांगला निघाला म्हणून तोही स्वतःच्या नावावर करून घेतला.

"नाही, साहेब," धाकटी म्हणाली. "ते म्हणतात तसंच."

हुकूम निघायला फार वेळ लागला नाही. लायसन्स सहा महिने निलंबित, तीन दंड वेगळे. ठरल्या मुदतीत वरच्या अधिकाऱ्याकडे अपील करता येईल, हेही त्याने वाचून दाखवलं. अपिलात मी काय लिहिणार होते, की माझ्या अशिलाने शेखी मिरवण्यासाठी स्वतःविरुद्ध खोटी साक्ष दिली?

उस्तादचा चेहरा आता कुठे उतरायला लागला. "म्हणजे... उद्यापासून?"

"आत्तापासून. या काळात गाडी चालवताना सापडलात तर गाडी जप्त होईल आणि तुमच्यावर खटला." अधिकाऱ्याने हात पुढे केला आणि उस्तादने खिशातून लायसन्स काढून दिलं. "धंद्याची गाडी दिसते. मग चालवणार कोण?"

"मी," धाकटी म्हणाली. तिने आपलं लायसन्स टेबलावर ठेवलं. कोपरेही दुमडले नव्हते त्याचे. "लाँड्रीच्या करारात माझं नाव घालावं लागेल. त्याला यांची सही लागते."

"करतील की. काय हो, तुमची काही हरकत?"

चारही रांगा उस्तादकडे बघत होत्या. हरकत घेतली तर करार जाणार, हे त्या बापड्यालाही कळत होतं. "हरकत कसली," तो पुटपुटला. "करतो सही."

"आणि यांना येतं ना नीट?" अधिकाऱ्याने विचारलं. "हॉस्पिटलचं काम आहे."

तेवढ्यात उस्तादला पुन्हा धीर आला. त्याने पार्सलवाल्याकडे एक नजर टाकली आणि हसला. "येईल, साहेब. मी आहे ना. शेजारी बसून शिकवतो तिला."

खोलीतले लोक कौतुकाने हसले. धाकटीही हसली. अगदी मनापासून, पदर तोंडाला लावून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. तिला इतकं हसताना मी लहानपणानंतर पाहिलं नव्हतं, आणि मला उस्तादची कीव करावीशी वाटली, पण केली नाही.

सही त्याने माझ्याच ऑफिसात, झेरॉक्सवाल्याच्या पेनाने केली. बाहेर व्हॅनपाशी आल्यावर धाकटीने चावीसाठी हात पुढे केला. त्याने चावी दिली आणि दार उघडून शेजारच्या सीटवर बसला. मी खिडकीशी उभी होते.

"आधी आरसा नीट लावून घे," तो म्हणाला. "आपल्या उंचीप्रमाणे. हा पहिला धडा."

"वर्षभर लावलेलाच आहे," धाकटी म्हणाली. "तुम्ही पट्टा लावा."

त्याने पट्टा ओढला. तो कुठे अडकवायचा, ते त्या बाजूने त्याला सापडेना.