चार खोल्यांचं घर

माझ्यासारखा हौशी माणूस चिंचवडात दुसरा नसेल, हे मी स्वतःच सांगून टाकतो. दुसरं कुणी सांगेल म्हणून वाट बघत बसण्यात अर्थ नाही. सन छप्पन्न. घट बसायला चार दिवस होते, पाऊस सरून पहिला लख्ख रविवार उजाडला होता, आणि मी उठल्या उठल्या जाहीर केलं की आज सगळ्यांनी लेणी बघायला जायचं. घरात जाहीर केलं म्हणतो खरा, पण घर कसलं, एका खोलीच्या मधोमध गोणपाटाचा पडदा होता. पलीकडे कोकणातलं एक कुटुंब, अलीकडे आम्ही पाच जण: मी म्हणजे ज्योतीराम, पिंपरीतल्या एका कारखान्यातला फिटर; माझी आई, बायको मंजुळा, आठ वर्षांचा बन्सी आणि पाच वर्षांची शकू. अहमदपूरहून येऊन दीड वर्ष झालं होतं. कारखान्याच्या क्वार्टरसाठी अर्ज केला होता आणि यादी त्याच आठवड्यात लागणार होती.

मंजुळानं मला निक्षून सांगितलं होतं, "दिवाळीपर्यंत घर झालं तर झालं. नाहीतर लेकरं घेऊन मी गावी जाते. दुसऱ्याच्या खोकल्यानं जागं व्हायचं मला आता होत नाही." ती बोलली म्हणजे बोलली. तिला निदान एक दिवस हसवावं, एवढाच माझा त्या सहलीतला स्वार्थ होता, कारण ती गेली असती तर मी त्या पडद्याआड एकटा वेडा झालो असतो.

दशम्या, शेंगदाण्याची चटणी, महादेवासाठी लोटाभर दूध आणि चहाचं सामान घेऊन आम्ही गाडीनं देहूरोडला उतरलो आणि घोरवडेश्वराच्या डोंगराकडे चालू लागलो. बन्सी तर पायथ्यापासूनच पळत सुटला. मोठ्या लेण्यातल्या पिंडीवर मंजुळानं निम्मं दूध घातलं, आईनं गाभाऱ्यात बसून गावाकडच्या सगळ्या देवांची नावं घेतली, आणि मग मला माझ्यासोबत काम करणाऱ्या गेनबाचे शब्द आठवले. तो चाकणकडचा. म्हणाला होता, "महादेवापाशी समदेच जात्यात राव. जरा वर, डाव्या अंगाला चढा. तिथं एक लेणं हाय, निवांत."

ते सापडलं तेव्हा आम्ही सगळेच ओरडलो. पुढे ओसरी, आत चौकोनी दिवाणखाना म्हणावा असं दालन, त्याला दोन्ही बाजूंना दोन दोन खोल्या, आणि प्रत्येक खोलीत दगडातच कोरलेला झोपायचा ओटा. बाहेर काठोकाठ भरलेलं पाण्याचं टाकं. इंद्रायणीचं सारं खोरं खाली पसरलं होतं आणि वारा असा की दीड वर्षाचा धूर अंगातून निघून जावा.

"अगं बाई, चार खोल्या!" मंजुळा म्हणाली, आणि पदर खोचून कामालाच लागली. "सासूबाई, उजवीकडची तुमची, तिथं सकाळचं ऊन येतं. ही बन्सीची. ही शकूची, माझ्या शेजारची. आणि ही माझी."

"आणि घरधनी कुठं झोपणार?" मी विचारलं.

"तुमचं काय, तुम्ही शिफ्टला असता," ती म्हणाली, आणि सगळे खदाखदा हसले. मीच जास्त हसलो, कारण मला तिचं तोंड असं फुललेलं गावाकडच्या जत्रेनंतर दिसलंच नव्हतं.

चहासाठी दालनात तीन दगड मांडून तिनं उरलेलं दूध तापत ठेवलं. ते वर येताना मी फडकं घेऊन धावलो, तर तिनं माझा हात धरला. "राहू द्या. नव्या घरात उतू गेलंच पाहिजे." मग काय, मलाही चेव आला. मी उंबऱ्यावर उभा राहून तिचं नाव घेतलं, तिनं माझं घेतलं, आईनं खोटं खोटं औक्षण केलं, आणि दूध भसकन उतू जाऊन दगडावरून आतल्या अंगाला वाहिलं. लेकरांनी टाळ्या पिटल्या. इतका आनंद मला लग्नातही झाला नव्हता, खोटं कशाला बोलू.

जेवणं झाली आणि सगळे पांगले. बन्सी न सांगता टाक्यावर जाऊन पाणी भरून आला, हा घरी पाण्याचं नाव काढलं की पोट दुखतं म्हणणारा मुलगा. शकू टाकळ्याच्या फांदीनं ओसरी झाडत होती. मंजुळानं आपला फणी-करंडा भिंतीतल्या कोनाड्यात लावून ठेवला होता. आई तिच्या खोलीत गाढ झोपली होती. ती उठून बाहेर आली, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "आज कामाला गेला न्हाईस का रं?"

"आई, रविवार आहे," मी म्हणालो. तिनं मान डोलावली, पण पटल्यासारखी नाही.

उन्हं कलली तशी मी घाई करू लागलो. कुणी हलेना. शेवटी मंजुळा माझी टोपी आणि रिकामा डबा घेऊन उंबऱ्यापर्यंत आली आणि म्हणाली, "निघा तुम्ही, उशीर होईल." मी म्हटलं, पुरे झाली थट्टा, गाडी चुकेल. तिनं क्षणभर विचार केला, मग लेकरांना हाक मारली. निघताना फणी-करंडा तिनं तिथंच ठेवला आणि जिथं दार कधी नव्हतंच त्या चौकटीतून हात ओढून घेत काहीतरी लावून घेतलं.

"कुलूप घातलं का?" मी हसत विचारलं.

"कुलूप कशाला? शेजार चांगला आहे," ती म्हणाली.

पुढचे दिवस असे सुखाचे गेले की मी स्वतःलाच शाबासकी दिली. भांडण नाही, गावाचं नाव नाही. पडद्यापलीकडच्या खोकल्याची तक्रार नाही. फक्त बुधवारी, मी जेवत असताना, मंजुळा माठाजवळ उभी राहिली आणि तिनं विचारलं, "पाणी घेऊ का?" मी म्हटलं, अगं, विचारतेस काय? ती कसनुशी हसली. अंथरुणं तेव्हापासून दोरीनं बांधलेलीच असत, वापरून पुन्हा बांधलेली. बन्सी मला हळूच म्हणाला, "आपण इथं अजून किती दिवस आहोत?"

गुरुवारी यादी लागली. माझं नाव सातवं! मी किल्ली मुठीत धरून पिंपरीहून चिंचवडपर्यंत चक्क पळत आलो, वाटेत ओळखीच्या-अनोळखीच्या सगळ्यांना सांगत आलो. मंजुळा म्हणाली, "अरे वा. अभिनंदन." हा शब्द तिनं कुठून काढला कोण जाणे.

रविवारी चौघांना घेऊन क्वार्टरवर गेलो. दोन खोल्या, मोरीत नळ, खिडकीला गज, आणि भिंतीवरचं बटण दाबलं की दिवा. मी दोनदा लावून दाखवला. नळ सोडून दाखवला. खिडकी उघडली, मिटली, पुन्हा उघडली. माझं तोंड थांबत नव्हतं. चौघांनी चपला दाराबाहेर एका रांगेत काढल्या होत्या आणि मी अंथरलेल्या सतरंजीच्या काठावर, पाय पोटाशी घेऊन, ते ओळीनं बसले होते. मी शेजाऱ्याकडून चहा आणला. शकूनं कप घेण्याआधी आपल्या आईकडे बघितलं, मंजुळानं मान हलवली, तेव्हा कुठे तिनं घेतला.

"कसं वाटलं?" मी विचारलं. दिवाळीच्या आधी घर दिलं होतं मी.

"छान हाय की तुमचं घर," आई म्हणाली. मला. जन्मात कधी अहोजाहो न केलेली माझी आई.

मंजुळानं कप विसळून पालथे घातले, पदर दोन्ही खांद्यांवरून घेतला आणि बाहेर कलत्या उन्हाकडे बघितलं. "निघतो आम्ही," ती म्हणाली, "उजेड आहे तोवर डोंगर चढलेला बरा." मी दारात आडवा झालो, हसलो, तिचा हात धरायला गेलो, तर तिनं तो सावकाश, माझा अपमान होणार नाही अशा बेतानं, मागे घेतला.

मग ती शकूकडे वळून म्हणाली, "शके, निघताना काकांच्या पाया पड."